कुप्याच्या जिगिंगला सामान घेताय? आधी लाइन ठरवा, रॉड शेवटी

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच गोष्ट विचारली, की राधानगरीच्या बॅकवॉटरला रोहू-कटल्यासाठी वापरतोय तीच रॉड आणि तेच रील घेऊन मालवणला कुपा मारायला गेलं तर चालेल का. नाही चालणार भावांनो, आणि का नाही ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की दुकानात काय मागायचं हे आपोआप कळतं.

रोहू दहा किलोचा असला तरी ओढतो, दमतो, जरा थांबतो, परत ओढतो. कुपा म्हणजे ट्यूना थांबतच नाही, त्याला थांबता येतच नाही. त्याला श्वास घ्यायला तोंड उघडं ठेवून सतत पोहावं लागतं, पोहला तरच कल्ल्यांतून पाणी जातं, थांबला तर गुदमरतो. वर त्याच्या रक्तवाहिन्यांची रचना अंगातली उष्णता धरून ठेवते, म्हणजे स्नायू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतात आणि गरम इंजिनासारखी ताकद देत राहतात. जिग, म्हणजे माशासारखा दिसणारा धातूचा जड तुकडा, तो हुक लावून खाली सोडायचा आणि झटके देत नाचवायचा, यालाच जिगिंग म्हणतात. जिग लागल्यावर हा मासा पहिल्या धावेत पन्नास-साठ मीटर लाइन सहज काढतो, आणि दमला की बोटीच्या खाली गोल गोल फिरत राहतो, ती गोल फिरण्याची पाळी खरी हाताची परीक्षा घेते. गोड्या पाण्याचं हलकं रील या पहिल्या धावेतच तापतं आणि अडकतं, मग लाइन तुटते.

दुसरी गोष्ट, कुठला कुपा? कोकणात सगळ्याला कुपाच म्हणतात, बारक्याला गेदर. गेदर साधारण दोन ते पाच-सहा किलोचा. लाँगटेल त्याहून मोठा होतो, दहा-पंधरा किलोचा पण भेटतो. यलोफिन खोल पाण्यातला, तो लक्षद्वीप-अंदमानला, तिथं गोष्टच वेगळी. आणि अंदमानचा डॉगटूथ हा तर खडकाला धरून राहणारा, लागला की सरळ खाली दगडात घुसतो, त्याच्यासाठी पीई ६ ते ८ (पीई म्हणजे लाइनच्या जाडीचा आकडा, पुढं सांगतो) चं जड सामान लागतं. आपण कोल्हापूरची माणसं रात्री एकला निघून आंबा घाट उतरून पहाटे पाचला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीवर चढणार, नाहीतर फोंडा घाटातून मालवणला जाणार, तर आपल्याला गेदर, लाँगटेल आणि सोबत सुरमई, कोकर असंच मिळणार. म्हणून मी पुढं जे सांगतोय ते या मापाच्या माशांसाठी. पहिल्याच दिवशी अंदमानचं सामान घेऊन ठेवू नका, दिवसभर जड रॉड हलवून दुपारी हात वर उचलणार नाही.

आता लाइन. सगळे आधी रॉड घेतात, दिसायला भारी असते म्हणून. मी म्हणतो लाइन आधी ठरवा, कारण रील केवढं, ड्रॅग (रीलचा ब्रेक) किती, लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) किती, रिंग किती ताकदीची हे सगळं लाइनवरूनच ठरतं. जिगिंगला तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची लाइन, चालत नाही. तंगूस ताणतो, चाळीस मीटर खाली जिग असताना तुम्ही वर झटका दिला तर निम्मा झटका तंगूसच खाऊन टाकतो आणि जिग खाली नुसता डोलतो. वेणी घातलेली पीई ब्रेड लाइन पाहिजे, आठ पदरी असेल तर गायडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) गुळगुळीत जाते आणि आवाज कमी. पीई पुढचा आकडा जाडीचा असतो, पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई ३ म्हणजे ०.२८५ च्या आसपास. पीई ३ ची ताकद चांगल्या लाइनमध्ये साधारण ५० पाऊंड, म्हणजे २२-२३ किलो. कोकणासाठी मी डोळे झाकून पीई ३ सांगतो, कमीत कमी ३०० मीटर. जाड घेतली तर ताकद वाढते खरी पण पाण्याचा ओढ जाड लाइनला जास्त धरतो, लाइन फुगते, जिग तिरका जातो आणि मग वजन वाढवत बसावं लागतं. दर दहा मीटरला रंग बदलणारी घ्या, ही चैन नाही हां, तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणाला मासा पंधरा मीटरवर दिसतोय तर तुम्हाला रंग मोजूनच कळणार जिग कुठं आहे ते.

स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळायच्या रिळावर, भरताना खाली थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेड नुसत्या स्पूलवर घसरते, ड्रॅग लावला तरी सगळा गठ्ठाच फिरतो. आणि ओल्या फडक्यातून ताणून भरा. सैल भरली तर पहिल्या धावेत वरची लाइन खालच्या थरात रुतते, आणि मग जे होतं ते बघवत नाही.

रील. निम्मे पैसे इथं घाला, बाकी कुठं काटकसर करायची ती करा. स्पिनिंग (रॉडच्या खाली लटकणारं) घ्यायचं का ओव्हरहेड (रॉडच्या वर बसणारं) हा वाद लोक घालतात, माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडं स्पिनिंगच. खोल पाण्यात सरळ खाली स्लो पिच, म्हणजे जिग सावकाश नाचवायला, ओव्हरहेड छान, पण आपल्या किनाऱ्यावर कुपा बऱ्याचदा वर येऊन तारली-मांदेलीच्या थव्यावर तुटून पडतो, पाणी उकळल्यासारखं दिसतं, वर पक्षी घिरट्या घालतात, तेव्हा जिग लांब फेकता आला पाहिजे. ते स्पिनिंगनं सोपं. ८००० नंबरच्या आसपासचं रील घ्या, पण कंपनीगणिक नंबर बदलतात, म्हणून नंबरवर जाऊ नका, स्पूलवर लिहिलेलं बघा, पीई ३ ची ३०० मीटर बसते का. गिअर रेशो साडेपाचच्या वर, ५.६ किंवा ६.२, म्हणजे हँडलच्या एका फेरीला मीटरभर किंवा जास्त लाइन येते. कुप्याला पळता जिग आवडतो, आणि मासा तुमच्याकडं तोंड करून धावत आला तर सैल लाइन गोळा करायला पण हाच वेग कामाला येतो. बॉडी मेटलची हवी, प्लॅस्टिकसारखी बॉडी ताण आल्यावर वाकते आणि आतले गिअर एकमेकांपासून सरकतात. शिमानो, दायवा, पेन या तिघांच्या खाऱ्या पाण्याच्या मॉडेलांत मधल्या किमतीत सुद्धा चांगली रील मिळतात, सगळ्यात महागडंच पाहिजे असं काही नाही. अनोळखी स्वस्त रीलच्या खोक्यावर ३० किलो ड्रॅग छापलेला असतो, त्यावर विश्वास ठेवू नका. ड्रॅग म्हणजे क्लचप्लेट समजा. किती घट्ट आवळला याला किंमत नाही, गरम झाल्यावर तो एकसारखा सुटतोय का झटके मारतोय याला किंमत आहे. कार्बनच्या चकत्या असतील तर उष्णता सोसतात.

ड्रॅग कसा लावायचा ते इथंच सांगून टाकतो, कारण मासे जातात ते जास्त करून यातच. मी उद्यमनगरात वर्कशॉपला आहे, आमच्याकडं स्प्रिंगकाटा असतोच, तुमच्याकडं नसला तर प्रवासाची बॅग मोजायचा हातकाटा आणा. लाइन रॉडच्या सगळ्या गायडमधून ओवा, टोकाला फास करून काट्याच्या हुकात अडकवा, दुसऱ्याला काटा धरून हळूहळू मागं जायला सांगा आणि तुम्ही रॉड मासा लागल्यावर जशी धराल तशी वाकवून धरा. आमच्या शॉपमधला पोरगा काटा घेऊन लेथच्या बाजूनं मागं मागं जातो, काटा चार, पाच, साडेपाच दाखवतो, रॉड हँडलपर्यंत वाकते, आणि सहावर आल्यावर स्पूल टक टक करत सुटायला लागतो. तिथं थांबायचं. ड्रॅगच्या नॉबवर मार्करनं खूण करून ठेवा. लाइनच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के, म्हणजे ५० पाऊंडाच्या लाइनला साधारण साडेपाच ते सहा-साडेसहा किलो, त्याच्यावर नाही. लोकांना वाटतं सहा किलो म्हणजे काहीच नाही, एकदा काटा स्वतः हातात धरून ओढून बघा मग कळेल. आणि टर्नरला हे सांगायला नको पण बाकीच्यांना सांगतो, स्पूलवरून लाइन निघून गेली की स्पूलचा घेर कमी होतो, आणि घेर निम्मा झाला तर तोच ड्रॅग दुप्पट होतो, टॉर्क तोच, हाताचा पल्ला कमी. शिवाय दीडशे मीटर लाइन पाण्यातून ओढली जात असते तिचा भार वेगळा. म्हणून मासा लांब गेला की नॉब आवळायचा नाही, उलट जरा सोडायचा. नवीन माणूस बरोबर उलटं करतो, मासा लांब गेला म्हणून घाबरून आवळतो.

रॉड. साडेपाच ते सहा फूट, बस. लांब रॉड म्हणजे मासा जिंकतो, कारण पल्ला त्याच्या बाजूला जातो. रॉडवर पीई आणि जिगचं वजन लिहिलेलं असतं, पीई २-४ आणि जिग २०० ग्रॅमपर्यंत अशी घ्या. वाक टोकापुरता नको, पार मुठीपर्यंत गोल वाकली पाहिजे, तीच रॉड मासा लढवताना तुमची कंबर वाचवते. कार्बनची हलकी असते, दिवसभर हलवायची म्हणून बरी, पण ती कधीही सरळ उभी करायची नाही. मासा बोटीखाली आला की सगळे रॉड आभाळाकडं करतात, सगळा ताण शेवटच्या एक-दीड फुटावर येतो आणि रॉड फटाक्यासारखी फुटते. ४५ अंशाच्या वर नेऊ नका. हँडलपाशी सुटी होणारी घेतली तर गाडीत मागच्या सीटवर आरामात बसते.

लीडर फ्लोरोकार्बनचा, ६० पाऊंड, तीन ते पाच मीटर. कुप्याची नजर तीक्ष्ण असते, स्वच्छ पाण्यात, दुपारच्या उन्हात जाड लीडर बघून जिगमागं येऊन वळून जातो, तेव्हा ५० वर उतरा. सुरमई असल्याची शंका असेल तर जिग कापून नेईल हे धरूनच चाला, त्यासाठी वायर लावली तर कुपा तोंड लावत नाही, दोन्ही एकदम जमत नाही, काय पाहिजे ते ठरवा. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ. बारीक बसते, गायडमधून सटासट जाते. पण बोटीवर जाऊन शिकू नका, हलत्या बोटीवर ओल्या हातानं ती पहिल्यांदा कुणालाच येत नाही. घरी टीव्ही बघत बघत रोज दोन-चार मारा, हातमोजे घालून पूर्ण ताकदीनं ओढून बघा, सरकली तर परत मारा. ब्रेडचे वेढे बसल्यावर रंग जरा गडद होतो, फ्लोरोमध्ये चावल्यासारखे बसतात, तसं दिसलं की गाठ बसली.

आता जिग, हा सगळ्यात आवडीचा भाग. वजनाचा अंदाज सोपा आहे, फुटाला एक ग्रॅम. तांडेल खोली वावात सांगतो, एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. म्हणजे तो म्हणाला इथं वीस वाव पाणी आहे, तर १२० फूट, तर १२० ग्रॅमपासून सुरुवात. मनातल्या मनात वावाला सहानं गुणलं की झालं. पण हा फक्त सुरुवातीचा आकडा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, लाइन तिरकी पळते, तेव्हा १५०, १८० घाला. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी संथ असतं, तेव्हा १०० पण पुरतो. लाइन बऱ्यापैकी सरळ खाली जातेय का एवढंच बघायचं. मी एका ट्रिपला ६०, ८०, १००, १२०, १५०, १८० असे मिळून दहा-बारा जिग घेतो, त्यापेक्षा जास्त बॅगेत असले तर बदलण्यातच वेळ जातो.

आकार. लांब, सुरीसारखा, शेपटीकडं जड असा जिग झपकन खाली जातो आणि वेगानं वर आणला की तारलीसारखा इकडंतिकडं पळतो, कुप्यासाठी पहिला हाच. पानासारखा रुंद, मध्ये जड असलेला स्लो जिग पडताना लहरत जातो, तो गोबरा, तांबोशी वगैरे खडकाच्या माशांना छान, कुपा पण घेतो पण ती त्याची पहिली पसंती नाही. वर पाणी उकळत असेल आणि कुपा बोटभर मांदेलीवर असेल तर मोठा जिग बघून न बघितल्यासारखं करतो, तेव्हा ४०-६० ग्रॅमचा छोटा, थव्याच्या मध्यात नाही, कडेला आणि पुढं फेकायचा, मध्यात टाकला की थवा बुडतो. रंगाच्या मागं फार लागू नका. एक चांदी-निळा, एक गुलाबी, एक अंधारात चमकणारा पट्टे असलेला पहाटेसाठी, बस झालं.

कोल्हापुरात बऱ्याच जणांच्या मनात येतं की आपल्याकडं एवढ्या फाउंड्री, शिसं ओतायला काय लागतंय. ओततात लोक, मी पण ओतले आहेत, चालतात. दोन गोष्टी मात्र पाळा. आतली तार वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत एकच अखंड स्टेनलेसची पाहिजे, वर एक कडी खाली एक कडी अशी वेगळी खोचली तर शिशातून उपटून येते. आणि शिसं ३२७ अंशाला वितळतं, ते घरातल्या गॅसवर नाही, पोरंबाळं आसपास नाही, उघड्यावर मास्क लावून, आणि ते भांडं परत कशालाही वापरायचं नाही. शिशाची धूळ आणि धूर अंगात जातो तो निघत नाही लवकर.

हुक आणि रिंगा. हा विषय लोक शेवटी पाच मिनिटांत उरकतात आणि माझा सगळ्यात मोठा मासा इथंच गेला. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीपासून आत, सकाळी साडेआठची वेळ, वीस मिनिटं लढवून लाँगटेल बोटीखाली आणला होता, पोट चांदीसारखं चमकताना दिसत होतं, आणि एकदम लाइन हलकी. वर आली तेव्हा लीडर शाबूत, गाठ शाबूत, जिग हुकासकट गायब. स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी वेढ्याची कडी, उघडून इंग्रजी एस सारखी झालेली. जिगसोबत पाकिटात आलेली रिंग होती ती, बदलायची राहून गेली होती. ती रिंग अजून माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला टेपनं चिकटवलेली आहे. तेव्हापासून नवीन जिग घेतला की आधी त्याच्यासोबत आलेल्या रिंगा काढून टाकतो आणि पाकिटावर ताकद छापलेल्या, लाइनच्या दुप्पट ताकदीच्या, १०० पाऊंडाच्या वरच्या रिंगा घालतो.

जोडणी अशी. लीडरची गाठ सॉलिड रिंगला, म्हणजे जोड नसलेल्या अखंड गोल कडीला. त्याच सॉलिड रिंगमध्ये असिस्ट हुकाची, म्हणजे छोट्या दोरीला बांधलेल्या हुकाची, दोरी. मग स्प्लिट रिंगनं सॉलिड रिंग आणि जिगची वरची कडी जोडायची. असं केलं की माशाचा ताण हुकातून सॉलिड रिंगला आणि तिथून थेट लीडरला जातो, स्प्लिट रिंगवर आणि जिगवर येतच नाही. माझ्या त्या वेळी हुक जिगच्या खालच्या कडीला होता, म्हणून सगळा ताण रिंगेवरून गेला. ट्रेबल (तीन टोकांचे) हुक जिगिंगला नको, एकमेकांत अडकतात, माशाच्या तोंडात एकमेकांना टेकू देऊन सुटतात आणि बोटीवर हाताला लागतात ते वेगळं. वरच्या बाजूला एक किंवा दोन असिस्ट हुक पुरे, कुपा जिगच्या डोक्याकडं चावतो बहुतेक वेळा. हुकाचं तोंड जिगच्या रुंदीपेक्षा मोठं पाहिजे, नाहीतर हुक जिगलाच मिठी मारून बसतो. दोरी जिगच्या निम्म्यापेक्षा लांब नको. टोक नखावर घासून बघा, घसरलं तर बोथट, नखात रुतलं तर चालेल. स्प्लिट रिंगची पक्कड बरोबर ठेवा, नखानं उघडायला गेलात तर नख जातं.

वापरायचं कसं ते थोडक्यात. जिग खाली सोडताना लाइनवर लक्ष, बरेच फटके पडतानाच येतात. तळ लागायच्या आधीच लाइन सैल पडली की माशानं घेतलाय, लगेच बेल (लाइन मोकळी सोडणारी रीलची तार) बंद करा आणि गुंडाळून ताण घ्या. तळाला टेकला तर थांबू नका, रॉडचा एक झटका आणि हँडलची एक फेरी, एक झटका एक फेरी, वेगात, पंधरा-वीस वेळा, मग क्षणभर थांबायचं, परत. थांबलेल्या त्या क्षणाला लागतो. लागला की रॉड कमरेच्या पट्ट्यात टेकवा, पहिल्या धावेला काहीही करू नका, धावू द्या, लाइनला बोट लावू नका, ब्रेड कातडी कापते. तो थांबला की तुम्ही सुरू करायचं.

आणि बर्फाशिवाय निघू नका, हा सामानाचाच भाग आहे. लढताना कुप्याचं अंग तापतं, तसंच उन्हात पडू दिलं तर मांस फिकट आणि आंबट होतं, वर त्यात हिस्टामिन तयार होतं, अंगावर पित्त उठल्यासारखं लाल होतं, डोकं दुखतं, आणि ते शिजवून जात नाही, कितीही झणझणीत रस्सा केला तरी. मासा वर आला की कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्या, मग बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या खोक्यात पूर्ण बुडवा. घाट चढून परत कोल्हापूरला यायला तीन-साडेतीन तास लागतात, तेवढा बर्फ जास्तीचा मिरकरवाड्यातच भरून घ्या.

जून-जुलै मासेमारी बंदी असते, त्या दोन महिन्यांत सामान उघडून बघायचं. घरी आल्यावर मात्र रील त्याच रात्री धुवायचं, दुसऱ्या दिवशी नाही. ड्रॅग आवळून, नळाची बारीक धार, पाइपचा जोर नाही, जोरानं मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत ठेवा आणि वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करा, आवळलेला ठेवला तर चकत्या चिकटतात आणि पुढच्या वेळी मार्करची खूण जिथल्या तिथं असून पण स्पूल सहा किलोला सुटत नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा काटा लावून बघतो मी, प्रत्येक वेळी.